वाचकांचे प्रश्न : हळदीचा कागद, टायट्रेशन आणि कडप्प्यावरचे डाग

प्रश्न : सातवीच्या मुलांना हळदीच्या कागदाचा प्रयोग दाखवला. साबणाच्या पाण्याने कागद लाल झाला, पण लिंबाच्या रसाने काहीच फरक पडला नाही. खायच्या सोड्यानेही जेमतेम नारिंगी छटा आली. काय चुकले? – एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : काहीच चुकले नाही, हळद हा दर्शकच (आम्ल-आम्लारी रंगाने दाखवणारा पदार्थ) तसा आहे. तिच्यातले कर्क्युमिन सामू (pH, ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी) साधारण ७.५ च्या खाली पिवळेच राहते आणि ८.५ च्या वर लालसर तपकिरी होते. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या थोडा वर, शुद्ध पाण्याचा ७; हळदीला दोन्ही सारखेच. खायच्या सोड्याचे पाणी ८.३ च्या आसपास, म्हणजे नेमके सीमेवर येते, म्हणून ती नारिंगी छटा. धुण्याचा सोडा (सुमारे ११) किंवा चुन्याची निवळी (१२ च्या वर) वापरा, फरक मागच्या बाकावरूनही दिसेल. निवळी मात्र मुलांच्या डोळ्यांत उडू देऊ नका.

कागद करताना हळद पाण्यात कालवू नका. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, नुसता गाळ कागदाला चिकटतो. एक चहाचा चमचा हळद ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, दहा मिनिटे निवळू द्या आणि वरच्या निवळीत गाळण कागदाच्या पट्ट्या बुडवा. जवळ शेगडी पेटती नको. पट्ट्या सावलीत वाळवा, उन्हात हळदीचा रंग उडतो.

लिंबू दाखवायचेच असेल तर उलट्या बाजूने जा. पट्टी आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लाल करून घ्या आणि मग तिच्यावर लिंबाचा थेंब टाका. थेंब पडेल तिथे पिवळा ठिपका उमटतो. आम्लाने आम्लारीचा गुण घालवला, म्हणजेच उदासिनीकरण झाले, हे मुलांना त्या एका ठिपक्यात दिसते.

आम्ल आणि आम्लारी दोन्ही ओळखायचे तर लाल जास्वंद घ्या. आठ-दहा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून गाळा. लिंबाने अर्क गडद गुलाबी होतो, सोड्याने हिरवा. पाणी शक्यतो आरओचे घ्या. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे अर्क आधीच निळसर पडतो आणि तुलनाच बिघडते. अर्क त्याच दिवशी वापरा.

प्रश्न : ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.१ मोलार ॲसिटिक आम्ल, दोन्हींच्या २० मिलीला ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड २० मिलीच लागते. मग एक तीव्र आणि एक सौम्य कसे? – अकरावीचा विद्यार्थी

उत्तर : कारण टायट्रेशन (आम्लात मोजून आम्लारी टाकत जाणे) आम्लाची तीव्रता मोजत नाही, एकूण किती आम्ल आहे ते मोजते. पहिल्या द्रावणात सगळे रेणू विचरित झालेले (आयनांत फुटलेले) असतात, सामू १. दुसऱ्यात शंभरातले एक-सव्वा रेणूच, म्हणून सामू सुमारे २.९. पण ब्युरेटमधून (तोटीच्या मोजनळीतून) पडणारा हायड्रॉक्साइड आयन हायड्रोजन आयन खाऊन टाकतो, तसतसे उरलेले रेणू विचरित होत जातात. शेवटी हिशेब सारखाच येतो.

फरक दिसतो तो दर्शक निवडताना. ॲसिटिक आम्लाच्या टायट्रेशनचा समतुल्य बिंदू (आम्ल नेमके संपते ती जागा) सामू सुमारे ८.७ ला येतो, त्यामुळे फिनॉल्फथॅलीन (८.३ ते १०) बरोबर बसते. तिथे मिथिल ऑरेंज टाकले तर ते ४.४ लाच पूर्ण पिवळे होते, म्हणजे २० पैकी साधारण ६ मिली पडले की रंग पालटून मोकळा! बदलही इतका हळूहळू होतो की थांबायचे कुठे ते कळत नाही.

फिनॉल्फथॅलीनचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की तोच अंत्यबिंदू. नंतर तो उडाला तर आणखी थेंब टाकू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू उतरवत असतो.

प्रश्न : ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर लिंबू चिरले, तिथे पांढुरके डाग पडले आहेत. कशाने निघतील? – एक गृहिणी

उत्तर : धुऊन निघणार नाहीत. कडप्पा हा चुनखडक आहे, शहाबादी फरशीही तीच. लिंबातल्या सायट्रिक आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट खाल्ले गेले, पृष्ठभाग खडबडीत झाला आणि चकाकी गेली. तेल पुसले की डाग झाकतो, पण दोन-चार दिवसच. कायमचा उपाय म्हणजे पाणी लावून ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या वॉटर पेपरने क्रमाने घासणे आणि वर दगडाचे पॉलिश. पुढे लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर सांडले तर लगेच पुसा. रात्रभर राहिले की खड्डा बोटाला लागतो. ग्रॅनाइटला हा त्रास होत नाही.

डाग काढायला संडास साफ करायचे ॲसिड अजिबात वापरू नका, दगड फसफसून आणखी झिजेल. आणि ते ॲसिड ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.