अक्षर मोठं केलं की ओळ बाहेर पळते

प्रश्न: नमस्कार, मी निपाणीची, रिटायर मास्तरीण. लेकानं मोबाईलमध्ये पाच-सहा मराठी पुस्तकं घालून दिलीत. एका कादंबरीत अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतंय, ओळीपण नीट बसतात, पण बाकीच्यांत दोन बोटांनी ताणलं की अर्धी ओळ बाहेर, मग पान सरकवत बसा. नातवाचं कन्नड शिकायचं पुस्तकपण तसलंच, डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड. लेक म्हणतोय टॅब घेऊया. घेऊ का?

उत्तर: काकू, टॅबचं नंतर, आधी फाईलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय ते बघा की ओ. पीडीएफ असेल तर ते पान म्हणजे छापून झालेला कागदच समजा. अडोबी कंपनीनं 1993 ला हा प्रकार आणला तोच मुळी कुठल्याही कॉम्प्युटरवर पान जसंच्या तसं दिसावं म्हणून, प्रेसवाल्यांची सोय झाली पण मोबाईलवर वाचणाऱ्याचे हाल. ए4 पान 210 मिलिमीटर रुंद, तुमचा फोन साधारण 70, म्हणजे 12 पॉइंटचं अक्षर 4 पॉइंटचं होऊन बसतंय, त्यात आपले रफार आणि जोडाक्षरं, कोण वाचणार! फोन आडवा धरून बघा, अक्षर जवळजवळ दुप्पट होईल.

ती शहाणी कादंबरी बहुतेक ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकारातली फाईल असणार. त्यात ठरलेलं पान नसतंच, स्क्रीन असेल तशा ओळी नव्यानं पडतात. (फक्त मैत्रिणीला "पान 40 बघ" म्हणू नका, तिचं 40 वेगळं असतंय.) ईपबमध्येही ठरीव पानाचा एक प्रकार असतो, चित्रांच्या पुस्तकांना वापरतात, म्हणून विकत घेताना नुसतं ईपब लिहिलंय म्हणून पैसे भरू नका, नमुना पानं उघडून अक्षर वाढतंय का बघा.

लेक म्हणेल कॅलिबर नावाच्या फाईलचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून सगळ्यांचं ईपब करूया. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मराठीत ते काम लई फसवं. जुनी डीटीपी (कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी) युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडं एकसारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात झालेली असते, त्यातून मजकूर बाहेर काढला की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा चिवडा येतो, युनिकोड असलं तरी पहिली वेलांटी कधीकधी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि स्कॅन केलेलं असेल तर तो नुसता फोटो, ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेऊन, परत चुका काढायला तुमच्यासारखी मास्तरीणच बसवावी लागणार.

नातवाचं पुस्तक मात्र आहे तसं पीडीएफच राहू द्या. 'घर'समोर 'मने', 'पाणी'समोर 'नीरु' दिसलं तर पोरगं शिकणार, ईपबच्या वाहत्या मजकुरात अक्षर वाढवलं की ह्या जोड्या खालीवर व्हायची भीती.

टॅब नुसत्या कादंबऱ्यांसाठी असेल तर नको, ईपब मिळवा. स्कॅनची पुस्तकं अजून येणार असतील तर 10 इंची घ्या, पण बेळगावला दुकानात जाताना सगळ्यात त्रास देणारी फाईल बरोबर न्या आणि चष्मा लावून तिथंच दोन पानं वाचून बघा.