हायडेलबर्गची परिषद: व्हिसा, खोली आणि फ्रँकफर्टहून पुढचा प्रवास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत जर्मनीतल्या हायडेलबर्गला चार दिवसांची परिषद आहे, संशोधनाचं पोस्टर स्वीकारलं गेलंय, पुण्याहून पहिल्यांदाच युरोपात येताय. कुठे राहायचं, कसं पोहोचायचं, आणि पुढे पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीसाठी) इथे यायचं मनात आहे, तर याच फेरीत त्याचंही काही मार्गी लागेल का?

शेवटचं आधी. परिषदेला मिळतो तो सी प्रकारचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा अल्प मुदतीचा), १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. इथे येऊन तो नोकरीच्या व्हिसात बदलून घेऊ, हा बेत डोक्यातून काढून टाका. अगदी मोजके अपवाद सोडले तर परत जाऊन राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीच्या जर्मन व्हिसासाठी नव्याने अर्ज करावाच लागतो. या फेरीत प्राध्यापकांना भेटा, प्रयोगशाळा बघा, राहण्याचे भाग पायी फिरून बघा. खोलीसाठी कुणी आगाऊ डिपॉझिट मागितलं तर एक युरोही देऊ नका. घरमालकाला कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट घेता येतं, आणि ते करार झाल्यावर द्यायचं असतं.

आता व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. शिवाय उन्हाळ्याआधी अपॉइंटमेंटच मिळत नाही, खरी अडचण ती आहे. जुलैच्या परिषदेसाठी मार्चमध्येच स्लॉट शोधायला लागा. शुल्क ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी.

आपल्याकडच्या लोकांचं घोडं नेमकं नावात अडतं. पासपोर्टवर तुमचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असं तिहेरी नाव असतं, आणि आयोजक निमंत्रणपत्रात फक्त पहिलं नाव आणि आडनाव लिहितात. पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवून पत्र तसंच्या तसं करून मागा. तिकीट आणि विमाही त्याच नावाने. पत्रात परिषदेच्या तारखा, तुमचं पोस्टर आहे ही गोष्ट आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवं. तुमच्या संस्थेच्या ना-हरकत पत्रातल्या रजेच्या तारखा विमानाच्या तारखांशी जुळतात ना, हे दोनदा तपासा. परिषद चार दिवस आणि पुढे पॅरिस सहा दिवस असा बेत असेल तर अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचाच घोळ होतो. जर्मनीतला मुक्काम जास्त ठेवा, प्रश्न मिटतो. आणि नकार आला तर पूर्वी दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करता यायची, ती सोय जर्मनीने जुलै २०२५ पासून बंद केली. म्हणजे आता पुन्हा अर्ज, नाहीतर कोर्ट. व्हिसा नाकारला गेल्यास नोंदणीशुल्क परत मिळतं का, हे पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारून घ्या.

खोली घेण्याआधी परिषद शहरात नेमकी कुठे आहे ते बघा. विद्यापीठ तीन ठिकाणी विखुरलंय. जुन्या शहरात मानव्यविद्या. नदीपलीकडे नॉयनहाइमर फेल्डवर विज्ञान आणि वैद्यक. आणि मधल्या बेर्गहाइममध्ये काही संस्था. (खंडोबा आणि धनगरांचा अभ्यास करणारे गुंथर सोंथायमर ज्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवत, ती आता या बेर्गहाइममध्येच आहे.) मुख्य स्टेशन यातल्या जुन्या शहरात नाही, चांगलं अडीच किलोमीटर अलीकडे आहे. त्यामुळे "स्टेशनजवळ" आणि "मध्यवर्ती" या दोन वेगळ्या गोष्टी समजा. आमचं मत विचाराल तर बिस्मार्कप्लाट्झ चौकाच्या आसपास किंवा बेर्गहाइममध्ये राहा. ट्राम-बस तिथून तिन्हीकडे जातात. जुन्या शहरातली खोली फोटोत छान दिसते, पण रात्री गल्लीतल्या बारचा आवाज येतो आणि फरसबंदीवर बॅगेची चाकं खडखडत न्यावी लागतात.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी किल्ल्याची रोषणाई आणि आतषबाजी असते. तो शनिवार तुमच्या तारखांत येत असेल तर खोल्या फार आधी संपतात आणि भाव चढतात. तेव्हा शेजारच्या मानहाइम शहरात राहणं शहाणपणाचं. रेल्वेने १५-२० मिनिटांचं अंतर. पाच नंबरची ट्रामही तिथून हायडेलबर्गला येते, पण गावोगावी थांबत तासभर घेते, म्हणून ट्रेनच बरी. कमी खर्चात प्राणिसंग्रहालयाजवळचं युथ हॉस्टेल आहे, नॉयनहाइमर फेल्डला जवळ पडतं.

बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच करा, निदान व्हिसा हातात येईपर्यंत. छोट्या हॉटेलांचं रिसेप्शन संध्याकाळीच बंद होतं. उशिरा पोहोचणार असाल तर किल्लीच्या पेटीचा कोड आधी मागवून घ्या. एसी बहुतेक ठिकाणी नसतो, आणि जुलैत पारा ३५ च्या पुढे जाऊ शकतो. खिडकीबाहेरचं शटर दिवसभर खाली ठेवायचं आणि रात्री खिडकी उघडायची, ही इथली रीत. नाश्ता भाड्यात धरलाय का ते बघून घ्या.

फ्रँकफर्ट विमानतळावर दोन रेल्वे स्टेशनं आहेत. लोकल आणि रिजनल गाड्यांचं टर्मिनल एकच्या खाली, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं, पुलावरून चालत जायचं. आयसीई या वेगवान गाडीने मानहाइम अर्ध्या तासात, तिथे गाडी बदलून हायडेलबर्ग. यात फसगत तिकिटाची होते. स्वस्त 'श्पारप्राइस' तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. गाडीला किमान २० मिनिटं उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं, पण तुमचं विमान उशिरा आलं तर रेल्वेला त्याचं सोयरसुतक नाही; तिकीट वाया. इमिग्रेशनची रांग, बोटांचे ठसे, बॅगा मिळून विमान उतरल्यापासून किमान तीन तास सोडा, नाहीतर कुठल्याही गाडीला चालणारं 'फ्लेक्सप्राइस' घ्या.

तिसरा मार्ग डॉइचलांडटिकिटचा. जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे आणि देशभरच्या लोकल, रिजनल गाड्या, ट्राम, बस यांत चालतं. आयसीईत चालत नाही. विमानतळावरून एस ८ किंवा एस ९ ने फ्रँकफर्ट मुख्य स्टेशन, तिथून डार्मश्टाटमार्गे रिजनल गाडी. वेळ जास्त लागतो, पण गाडी चुकली तर पुढची पकडायची, चिंता नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते कॅलेंडर महिन्याचं असतं, ३० जुलै ते ३ ऑगस्ट मुक्काम असेल तर दोन महिन्यांचे पैसे जातील. आणि ते वर्गणीसारखं चालतं. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढचा महिना कापला जातो. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड, आणि "मला माहीत नव्हतं" हे कुणी ऐकत नाही.

पोस्टर ए-झीरो म्हणजे ८४.१ गुणिले ११८.९ सेंटिमीटर. फळा उभा की आडवा ते विचारूनच छापा. कापडावर छापलं तर घडी करून बॅगेत जातं, नळकांड्याची कटकट नाही.

इथलं सॉकेट भिंतीत गोल खोबणीसारखं खोल बसवलेलं असतं. मोबाइलच्या बारीक दोन पिनांचा चार्जर बसतो. लॅपटॉपची आपली तीन पिनांची प्लग नाही बसत. पसरट चौकोनी ॲडॉप्टर खोबणीच्या कडेला अडकतो आणि पिना आत पोहोचतच नाहीत. गोल तोंडाचा घ्या.

खाण्याचं: मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, खवा घरीच. कढीपत्ता आणि आंबेही नकोत. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी खुशाल आणा. रविवारी दुकानं बंद, स्टेशनातली तेवढी उघडी, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच ब्रेड-दही आणून ठेवा. नळाचं पाणी पितात. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती चेपून टाकू नका. सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की पैसे परत. रोख १०० युरो जवळ ठेवा. काही बेकऱ्या आणि खानावळी कार्ड घेतो म्हणतात ते फक्त जर्मन बँकेचं, तुमचं फॉरेक्स कार्ड तिथे चालत नाही.

परिषदेच्या तारखा आणि तुमचा विषय कळवलात तर तीनपैकी कुठल्या भागात राहावं ते नेमकं सांगता येईल.