रशियन युद्धकादंबऱ्यांमधलं शौर्य आणि राष्ट्रीय एकजूट खरी वाटते की प्रचारकी?

तुम्ही विचारलंय की रशियन युद्धकादंबऱ्यांत महाकाव्यासारखं शौर्य आणि सगळा देश एक झाल्याचं जे चित्र दिसतं, ते मनापासूनचं आहे की सरकारी. सरकारी पुस्तकं ढिगानं निघाली, हे खरंच आहे. पण जी टिकली, ती वाचून माझं मत असं झालंय की त्यांतली एकजूट हुकमावर उभी नाही. हुकूम जिथे पोचत नाही तिथे ती जन्माला येते, आणि चांगला लेखक तिच्या भेगाही झाकत नाही.

टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'मधला कॅप्टन तुशिन पाहा. बुटका, संकोची तोफखाना अधिकारी. पहिल्यांदा भेटतो तेव्हा पायात बूटसुद्धा नाहीत. १८०५ मध्ये नेपोलियनच्या फौजेशी झालेल्या शोनग्राबेनच्या लढाईत त्याच्या तोफांच्या संरक्षणाला ठेवलेली तुकडी निघून जाते आणि सगळे त्याला विसरतात. काय करायचं ते हा आपल्या सार्जंटला विचारून ठरवतो, समोरचं गाव पेटवतो आणि शत्रूला थोपवून धरतो. त्या धुंदीत आपल्या एका तोफेला तो 'मात्वेव्हना' अशी बाईच्या नावानं हाक मारतो. समोरच्या तोफांचा धूर बघून त्याला वाटतं, कुणीतरी पाइप ओढतंय. संध्याकाळी सेनापती बाग्रातियोन त्याला विचारतो, दोन तोफा मागे का सोडल्या? "संरक्षण नव्हतं" एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता, आणि ते खरंही होतं. पण त्यामुळे दुसरा कुणी अधिकारी अडचणीत येईल म्हणून तो गप्प बसतो. शेवटी त्याच्या वतीनं प्रिन्स आंद्रेई हा कादंबरीतला एक नायक बोलतो. मला तरी या गप्प राहण्याइतकं मोठं शौर्य त्या अवाढव्य कादंबरीत दुसरं दिसलेलं नाही, बोरोदिनोची मोठी लढाई धरूनसुद्धा.

१८१२ चा, म्हणजे नेपोलियन रशियावर चालून आल्याचा भाग येतो तेव्हा हीच गोष्ट सगळ्या देशाला लागू होते. स्मोलेन्स्कमधला व्यापारी फेरापोन्तॉव्ह शिपायांना आपलं दुकान लुटताना पाहून आधी ओरडायला जातो. मग त्यांनाच म्हणतो, सगळं न्या, फ्रेंचांसाठी काही ठेवू नका, मी स्वतः आग लावतो. मॉस्को सोडताना नताशाच्या हट्टापायी रोस्तॉव्ह कुटुंब घरचं सामान गाड्यांवरून उतरवून जखमींना जागा देतं. झारचं फर्मान वाचून कुणी हे करत नाही.

पण त्याच भागात बोगुचारोवो नावाच्या जहागिरीचा प्रसंग आहे, आणि एकतेवर बोलणारे बहुतेक लोक ते वगळतात याचं मला वाईट वाटतं. फ्रेंच जवळ आलेले असताना तिथले शेतकरी आपल्या मालकिणीला, प्रिन्स आंद्रेईची बहीण मारिया हिला, घोडे द्यायला नकार देतात. ती धान्य वाटायला निघते, त्यातही त्यांना डाव दिसतो. भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांना, स्वातंत्र्य मिळालं १८६१ मध्ये, आणि ही कादंबरी त्यानंतर लिहिली गेली. म्हणजे 'आपला देश' हे शब्द जमीनदार आणि भूदासाला सारखे ऐकू येत नव्हते, हे टॉलस्टॉयला पक्कं ठाऊक होतं. फक्त त्यानं तो पेच फार सहज सोडवला: नताशाचा लष्करातला भाऊ निकोलाय रोस्तॉव्ह येतो, आवाज चढवतो, हात उगारतो आणि गाव ताळ्यावर येतं. तिथे मला टॉलस्टॉय लेखकापेक्षा जमीनदार जास्त वाटतो.

दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकांत मला व्हिक्तर नेक्रासॉव्हची स्तालिनग्राडच्या खंदकांवरची कादंबरी (१९४६) फार जवळची आहे. तो स्वतः तिथे लढला होता. तिच्यात वालेगा नावाचा ऑर्डर्ली, म्हणजे अधिकाऱ्याच्या दिमतीचा शिपाई आहे. वाचता जेमतेम येतं, भागाकार-गुणाकारात गोंधळ होतो, समाजवाद म्हणजे काय ते सांगता येणार नाही. पण आपल्या साहेबासाठी, सोबत्यांसाठी, अल्ताईतल्या घरासाठी शेवटच्या गोळीपर्यंत लढेल. घोषणा एकही नाही, तरी या पुस्तकाला १९४७ चं सरकारी स्तालिन पारितोषिक मिळालं. पुढे लेखकाला देश सोडावा लागला.

सगळ्यात खोल गेला तो वासिली ग्रोसमन. 'जीवन आणि नियती'त स्तालिनग्राडमधलं वेढलेलं एक घर आहे, क्रमांक सहा भागिले एक. कॅप्टन ग्रेकॉव्हची माणसं तिथे मरणाच्या दारात मोकळेपणी बोलतात, वर अहवाल पाठवत नाहीत. म्हणून त्यांना वळणावर आणायला क्रीमॉव्ह नावाचा कमिसार, म्हणजे सैन्यावर पक्षाची नजर ठेवणारा अधिकारी पाठवला जातो, आणि तो ग्रेकॉव्हविरुद्ध अहवाल लिहितो. जर्मन हल्ल्यात ती माणसं मरतात. त्याआधी ग्रेकॉव्हनं रेडिओवरच्या तरुण मुलीला आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या पोराला बाहेर पाठवून वाचवलेलं असतं. ती मुलगी त्यालाही आवडत होती.

म्हणजे खरी एकजूट होती, आणि सत्तेला भीती तिचीच वाटली. फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्त पोलिसांनी या कादंबरीचं हस्तलिखित उचललं, कार्बन कॉप्या आणि टंकयंत्राच्या रिबिनीसुद्धा. ग्रोसमन १९६४ मध्ये वारला. पुस्तक छापलं गेलं १९८० मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये, आणि सोव्हिएत वाचकांना मिळालं १९८८ मध्ये.

सुरुवात नेक्रासॉव्हपासून करा, पुस्तक छोटं आहे. टॉलस्टॉय वाचताना बोगुचारोवोची प्रकरणं गाळू नका; संक्षिप्त आवृत्ती घेतलीत तर ती आहेत का, हे आधी बघून घ्या.