तंबाखूची खाट, पेरू आणि दीड हजारांची बाटली

प्रश्न : माझ्या सासूबाई साठीच्या पुढच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तंबाखूच्या वखारीत चाळणी मारण्यात घालवली. थंडी पडली की खोकला उसळतो, सकाळी बेडके पडतात, जिना चढताना धाप लागते. श्वासनलिकेला कायमची सूज आहे असं सांगून डॉक्टरांनी पंप दिला. पण 'पंपाची सवय लागते' म्हणून आत्ती, म्हणजे सासूबाई, तो ट्रंकेत ठेवून देतात. गल्लीत एकजण मँगोस्टीनचा रस विकतो. अँटिऑक्सिडंट आहे, पंप सुटेल म्हणतो. बाटली दीड हजाराला. घ्यावी का? की दुसरी कुठली फळं द्यावीत?
— एक सून, निपाणी

उत्तर : बाटली घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

वखारीतल्या बायका माझ्या दवाखान्यात यायच्या तेव्हा तपासणीच्या खोलीत त्यांच्याआधी तंबाखूची खाट, नाकात झोंबणारा तो उग्र वास, शिरायची. नाकावर बांधलेला पदर सोडला की आतल्या बाजूलाही तपकिरी भुकटी दिसायची. तुमच्या आत्तींच्या छातीत वर्षानुवर्षं तेच गेलंय. ही धूळ श्वासनलिकेच्या अस्तरावर बसली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात आणि ऑक्सिजनची जहाल संयुगं सोडतात. त्यात अस्तरही पोळतं, सुजतं, कफ वाढतो. अँटिऑक्सिडंट म्हणजे ही संयुगं निवळवणारे पदार्थ. फळांचा उपयोग आहे तो इथं, राखणीपुरता. आखडलेली नळी फळानं उघडत नाही. ते काम पंपाचं.

मँगोस्टीन वाईट नाही. आपल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या कोकमाच्याच कुळातलं ते झाड, दोन्ही गार्सिनिया. त्याच्या सालीतले झँथोन नावाचे घटक प्रयोगशाळेत पेशींवरची सूज कमी करतात, हे खरं. पण बशीतल्या पेशी वेगळ्या आणि वखारीत झिजलेली बाई वेगळी. शिवाय बाटलीत साल किती, पाणी किती, साखर किती, हे त्या विक्रेत्याला विचारून बघा.

त्याच पैशात पेरू घ्या. 100 ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, तेही अँटिऑक्सिडंटच, आणि बाईमाणसाची दिवसाची गरज 65च्या आसपास. म्हणजे मध्यम पेरूचा अर्धा भाग झाला तरी पुरे. पेरूनं खोकला होतो असं घरोघर म्हणतात. ज्याचा घसा खरोखर खवखवतो त्यानं सोडावा, बाकीच्यांनी खुशाल खावा. केळ्यानं कफ होतो हेही तसंच. आवळा तर पेरूच्याही वरचढ, पण किसून, मीठ लावून. मुरंब्यात साखरच जास्त, आणि आत्तींना मधुमेह असेल तर तो नकोच. मे महिन्यात खानापूरकडची करवंदं आणि पाठोपाठ जांभळं येतात, त्यांचा काळा-जांभळा रंग हेच मुळी अँटिऑक्सिडंट. ती सोडू नका. फक्त रात्रीच्या जेवणावर आंबट देऊ नका. आडवं झाल्यावर आम्ल घशाशी आलं तर खोकला उलट वाढतो.

फळांऐवजी गोळ्या द्याव्यात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो विक्रेता उद्या गोळ्याही आणेल. फिनलंडमध्ये सुमारे 29 हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांचा अभ्यास झाला. 1994 साली निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, 18 टक्के जास्त निघाला. गाजरातलं, आंब्यातलं तेच द्रव्य, पण गोळीत भरून मोठ्या मात्रेत दिलं की निराळं वागतं. त्यामुळं तंबाखूत आयुष्य गेलेल्यांना मी अशा गोळ्या देत नाही.

आता ट्रंकेतला पंप बाहेर काढा. त्याची सवय लागत नाही. औषध थेट नळीत जातं म्हणून मात्रा अगदी थोडी लागते. स्टेरॉइडचा असेल तर ओढल्यावर खळखळून गुळण्या करायला लावा, नाहीतर तोंडात पांढरा बुरा चढतो. आणि तोच तेवढा बघून आत्ती म्हणतील, 'बघ, पंपानं तोंड आलं!'

पत्रात नाही, तरी विचारते : मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखू, दातांना लावतात का? घरातच तव्यावर भाजतात का? तो धूर कोंडलेल्या स्वयंपाकघरात सगळ्यांच्याच छातीत जातो. आवळे नंतर आणा, आधी तो तवा बंद करा.

आणि खोकला नेहमीपेक्षा वाढून दोन आठवडे हटला नाही, ताप किंवा वजन घटणं जोडीला आलं, तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करून घ्या, क्षयासाठी ती मोफत होते. बेडक्यात रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी जा.

प्रश्न : वडिलांना दमा आहे. बेदाणे खाल्ले की थोड्या वेळात छाती घरघरते. घरचे म्हणतात, वहीम आहे. खरं काय?
— एक वाचक, अथणी

उत्तर : वहीम नसावा. तुमच्या भागात बेदाणा होतो, तेव्हा माल पिवळाधमक राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती फळात सल्फाइटच्या रूपात राहते आणि दम्याच्या काही रुग्णांची नळी त्यानं आखडते. धुऊन भरवशानं जात नाही. धुरी न दिलेला, काळपट माल मळ्यावरून मिळत असेल तर तो आणा, पण पहिल्यांदा देताना पंप हाताशी असू द्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. जर्दाळूचंही असंच, नारिंगी चकचकीत दिसला की दूर ठेवा.