रजिस्टरात न दिसणारा पेशंट

गोव्यातल्या वाळपईहून एक विद्यार्थिनी लिहिते: "बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. उपचार कोणापर्यंत पोहोचतात आणि कोणापर्यंत नाही, हे मोजण्याचं काम असतं असं ऐकलं. डॉक्टर न होता ते करता येईल का? घरचे बी.एड. कर म्हणतात."

करता येईल. या कामाला आकडे समजणारा आणि दारात उभं राहून नीट प्रश्न विचारणारा माणूस लागतो. मात्र ते कुठे फसतं ते आधी बघ.

हॉस्पिटलच्या रजिस्टरात आलेला पेशंट दिसतो. न आलेला दिसत नाही, आणि शोधायचा असतो तोच. म्हणून घरोघरी सर्वेक्षण करतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात आजारपण मागच्या 15 दिवसांतलं विचारतात, हॉस्पिटलात दाखल झाल्याचं 365 दिवसांतलं. तिथेही गोची आहेच: केरळाची तब्येत बिहारपेक्षा बरी, तरी स्वतःला आजारी सांगणारे लोक केरळातच जास्त. रोजंदारीवर जाणारी बाई गुडघेदुखीला आजार म्हणतच नाही. खर्चाचंही तसंच. घरखर्चाच्या 10 टक्क्यांहून जास्त पैसे उपचारावर गेले तर ते कुटुंब खर्चाखाली दबलं असं धरतात. पैशांअभावी जो गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य, म्हणजे कागदावर तो सुखी! गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं दीनदयाळ कार्ड घरात आहे एवढ्यानेही भागत नाही. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जायचं भाडं आणि सोबत गेलेल्याची बुडालेली मजुरी वेगळी विचारावी लागते.

अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नकोस. दिवाडी बेटावरून जुनं गोवं पट्टीने हाकेच्या अंतरावर, पण मध्ये मांडवी आणि फेरीबोटीची वाट बघणं. घरातून निघाल्यापासून डॉक्टरने तपासेपर्यंतची मिनिटं मोज.

मतदारयादीतून घरं निवडलीस तर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार सुटतील. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून सत्तरी आणि तिसवाडी तालुक्यांची तुलना करायला जाऊ नकोस. त्याचा नमुना जिल्ह्यापर्यंतच पुरतो, तालुक्याला नाही. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

शिक्षणासाठी मुंबईत देवनारची आयआयपीएस, म्हणजे लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था, बघ. तिथल्या बायोस्टॅटिस्टिक्सला (आरोग्याचं संख्याशास्त्र) पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र मागतात. तुला लोकसंख्या अभ्यास जमेल. टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवीही आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेतून, अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत. पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपास. तोवर आकडेमोडीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही दोन्ही फुकट सॉफ्टवेअर शिकायला घे. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. घरी हे आधीच सांग.

मे महिन्यात स्वतःला तपासून बघ. तुमच्या आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीतली सगळी घरं मोजून यादी कर, भाड्याच्या खोल्या धरून, आणि ठरावीक अंतराने 60 घरं निवड. परवानगी घेऊन, कोंकणीत, एक प्रश्न नक्की विचार: "उपचार हवे होते, पण घेतले नाहीत, असं गेल्या वर्षात झालं का? का?" दार बंद असलं तर शेजारचं घर घेऊ नकोस, संध्याकाळी पुन्हा जा, कारण दिवसा कामावर असलेली माणसंच सुटतात. साठावं दार वाजवतानाही कंटाळा आला नाही, तर सीयूईटीचा फॉर्म भर. आला, तर बी.एड. आहेच.