सर्व्हर हिरवा, पोरं बाहेर

प्रश्न: नंदनवनात आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. दर रविवारी सकाळी १० वाजता ६०० मुलं ऑनलाइन टेस्ट देतात. गेले तीन रविवार पहिली पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. कुणाचा पेपर उघडत नाही, कुणाचं चक्र फिरतच राहतं. साइट सांभाळणारा मुलगा म्हणतो, "सर्व्हर चालूच होता मॅडम, ग्राफ हिरवा आहे." आणि लगेच म्हणतो, दुप्पट मोठा सर्व्हर घ्या. घ्यावा का?
– एक क्लासचालिका, नागपूर

उत्तर: या महिन्यात तरी नका घेऊ. त्या मुलाची दोन वाक्यं एकमेकांशी भांडताहेत. सर्व्हर निवांत होता म्हणतो, मग मोठा काहून पाहिजे?

तो बघतोय तो प्रोसेसरचा ग्राफ. दिवाळीत इतवारीतल्या दुकानात झगमगाट असतो, पण पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. आत दिवा लागलाय, एवढंच त्याचा ग्राफ सांगतो. गूगलच्या अभियंत्यांनी मोजायच्या चार गोष्टी सांगून ठेवल्यात: उत्तर यायला किती वेळ लागला, किती जण आले, किती जणांना एरर मिळाली, आणि कुठली गोष्ट भरत आली. तुमच्या मुलाने चौथीची एक फांदी धरलीय, बाकी झाड सोडून.

वेळ मोजताना सरासरीवर जाऊ नका. ५४० मुलांचा पेपर १ सेकंदात उघडला आणि ६० मुलांचा २० सेकंदांत, तरी सरासरी येते २.९. कागदावर छान दिसते. फोन मात्र त्या ६० जणांच्या आईबाबांचे येतात. म्हणून शंभरातल्या शेवटच्या पाच जणांना किती थांबावं लागलं, ते मागा.

आता माझा अंदाज. तुमचा डेटाबेस, म्हणजे पेपर आणि उत्तरं साठवणारा प्रोग्राम, मायएसक्यूएल असेल आणि सेटिंगला कुणी हात लावला नसेल, तर एकावेळी १५१ कनेक्शन, म्हणजे त्याच्याशी जोडून घ्यायच्या जागा, मिळतात. दहाच्या ठोक्याला ६०० बोटं 'स्टार्ट'वर पडली की जागा संपते आणि पुढच्याला 'टू मेनी कनेक्शन्स'. प्रोसेसर बिचारा रिकामाच. प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पाव सेकंदात आटोपली तर जागा भराभर सुटतात, ६०० काय हजारही निघतील. तीच क्वेरी चार सेकंद बसून राहिली की कळमन्याच्या बाजाराच्या गेटवर सीझनमध्ये संत्र्याच्या गाड्या लागतात तशी रांग.

त्या मुलाला सांगा, स्लो क्वेरी लॉग, म्हणजे रेंगाळणाऱ्या क्वेरींची नोंदवही, सुरू कर. तो मुळात बंद असतो, आणि सुरू केला तरी १० सेकंदांच्या वर गेलेल्या क्वेरीच लिहितो. म्हणजे चार सेकंदांची आळशी क्वेरी त्यात सापडणारच नाही. मर्यादा १ सेकंदावर आणा, एक रविवार जाऊ द्या, मग त्या क्वेरीला इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी, आहे का बघा. बहुतेक वेळा नसतो. नुसती कनेक्शनची मर्यादा १५१ ची ५०० केली तर मेमरी संपून पूर्ण डेटाबेस आडवा होऊ शकतो, ते करू नका.

एवढं करूनही मोठा सर्व्हर लागलाच, तर हिशेब मांडा. आठवड्याचे तास १६८, तुमची टेस्ट चार तासांची. क्लाउडवर तासाने पैसे लागत असतील तर शनिवारी रात्री मोठा करा, रविवारी दुपारी पुन्हा लहान. बदलताना तो बंद करावा लागतो, म्हणून रात्रीच. उरलेले दिवस दुप्पट भाडं कशाला?

आणि एक खोटा विद्यार्थी ठेवा. आम्ही एका गिऱ्हाइकाकडे त्याचं नाव बंडू ठेवलं होतं. बंडू म्हणजे छोटी स्क्रिप्ट, दर पाच मिनिटांनी बाहेरच्या इंटरनेटवरून लॉगिन करून एक पेपर उघडायची. बंडूला पेपर मिळाला नाही की माझा फोन वाजायचा, मग ग्राफ कितीही हिरवे असोत.

प्रश्न: बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी एकटाच सिस्टिम बघतो. मॉनिटरिंगसाठी वेगळं मशीन मालक देत नाहीत. त्याच सर्व्हरवर बसवलं तर चालेल का? शिवाय रोज हजारो फेल लॉगिनचे अलर्ट येतात, मी आता ते म्यूट केलेत.
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर: नाही चालणार. मी हे फार महागात शिकलेय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीची सर्व्हर रूम माझ्याकडे होती. मे महिना, शनिवार दुपार, बाहेर डांबर वितळत होतं. लाइट गेली, दोन मिनिटांत आली. सर्व्हर यूपीएसवर, ते चालूच राहिले. एसी यूपीएसवर नव्हता, आणि तो आपणहून पुन्हा सुरू होणाऱ्यातला नव्हता. बंद खोली, आत तापलेलं रॅक. एकेक मशीन स्वतःला वाचवायला बंद पडत गेलं. रविवारी कुणी फिरकलं नाही. सोमवारी चौकीदार म्हणाला, "मॅडम, आत भट्टी झाली." सगळं थंड करून सुरू केलं, तर अकरा वाजता माझ्या इनबॉक्सात मेल आला: तापमान जास्त आहे. मॉनिटरिंगने इशारा शनिवारीच लिहिला होता हो. पण तो ज्या मेल सर्व्हरने जायचा, तो त्याच रॅकमध्ये, आधीच झोपलेला.

तेव्हा पहारेकरी घराबाहेर पाहिजे. ऑफिसमधला जुना लॅपटॉप, दुसरीकडे, दुसऱ्या इंटरनेटवर; त्यावर अपटाइम कुमा हा पहारा देणारा प्रोग्राम बसवा, फुकट आहे. उलटी सोयही करा: तुमचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी बाहेर 'मी आहे' असं कळवील, आणि दोन वेळा आवाज आला नाही की तुमचा फोन वाजेल. मालकांना हा हिशेब दाखवा: ९९ टक्के चालू म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ७ तास १२ मिनिटं बंद. तेवढा वेळ गेटवर ट्रक उभे राहिले तर काय पडेल, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

फेल लॉगिन म्यूट केलेत ते एका अर्थी बरोबरच. इंटरनेटवर उघड्या दारावर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, दिवसरात्र टकटक करतात, त्यासाठी माणसाला उठवू नये. पण रात्री तीनला एखादं लॉगिन यशस्वी झालं, तेही तुम्ही झोपेत असताना तुमच्याच नावाने? हा अलर्ट मोठ्या आवाजात ठेवा. आणि म्यूट केलं तरी लॉग पुसू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ते लॉगही त्याच सर्व्हरवर ठेवाल, तर आत शिरलेला चोर जाताना रजिस्टरही घेऊन जाईल.

प्रश्न: आमच्या साइटचं लेट्स एन्क्रिप्टकडून घेतलेलं सर्टिफिकेट (ब्राउझरला साइट सुरक्षित असल्याचं पटवणारं) संपलं आणि पूर्वी यायचा तो आठवणीचा मेल आलाच नाही. स्पॅममध्ये गेला असेल का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर: नाही, जून २०२५ पासून त्यांनी ते मेल पाठवणंच थांबवलंय. त्यांचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. नूतनीकरण आपोआप होत असेल तरी १५ दिवस उरले की इशारा लावा, कारण ती आपोआपची सोय बंद पडली, तर ते ती स्वतः सांगत नाही. डोमेनची मुदतही त्याच यादीत घाला. त्याआधी ते डोमेन कुणाच्या मेलवर घेतलं होतं ते शोधा. आमच्याकडे ते नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या मुलाच्या मेलवर निघालं होतं.