मुंबईत शोभेच्या पिना कुठे मिळतात आणि घरात कशा मांडाव्यात?

तुम्ही लिहिलंय की वीसेक रंगीत पिना जमल्यात, सगळ्या एका डब्यात पडून आहेत, घर लहान आहे आणि भिंतीवर लावायची इच्छा आहे. डब्यातून त्या आजच बाहेर काढा. एकमेकींवर घासून रंगाला ओरखडे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

मी दादरला राहतो, बरीच वर्षं बिल्ले आणि पिना जमवतोय. मुंबईत जमवणं सोपं, टिकवणं कठीण. माझ्याकडे १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा बिल्ला आहे, त्यावर 'मिशा' नावाचं अस्वल, म्हणजे त्या ऑलिंपिकचं शुभंकर, वडिलांनी जपलेला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपण स्पेनला ४-३ असं हरवून हॉकीचं सुवर्ण घेतलं होतं, म्हणून त्यांना त्याचं फार कौतुक. मी तो मखमलीवर लावून खिडकीशेजारच्या भिंतीवर टांगला. गणपती आले तेव्हा फ्रेम उतरवली, तर पुढून अस्वल जसंच्या तसं, पण मागची तार गंजलेली आणि मखमलीवर चहाच्या डागासारखं तांबूस वर्तुळ. बिल्ला ॲल्युमिनियमचा, त्याला गंज चढत नाही. तार लोखंडाची होती. तेव्हापासून नवीन पिन आली की आधी तिच्या पाठीला लोहचुंबक लावून बघतो. चिकटलं तर ती पिन पावसाळ्यात दर आठवड्याला तपासायची.

मांडणीसाठी महागडं काही लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानात सनबोर्ड (फोमचा हलका, जाड पुठ्ठा) मिळतो, त्यावर धुतलेला मांजरपाट ताणून बसवा. मखमल, लोकर, रबर टाळा. लोकर आणि रबरातल्या गंधकाने चांदी, पितळ काळवंडतं. पिनेचा काटा बोर्डात खुपसून मागून टोपी लावा. फुलपाखरासारखी धातूची टोपी सैल होऊन पडते, रबराची घट्ट बसते. ती बोर्डामागे राहते, पिनेच्या दर्शनी भागाला लागत नाही, म्हणून तेवढं रबर मी चालवून घेतो. फ्रेमवाल्याला 'बॉक्स फ्रेम हवी, काच कापडापासून बोटभर दूर' असं सांगा, म्हणजे काच पिनेला टेकणार नाही. आत कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. आणि फ्रेम आतल्या भिंतीवर टांगा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. भिंतच नसेल तर भरतकामाची मोठी रिंग घ्या, तिच्यात कापड ताणलं की पंधरा पिना सहज बसतात आणि ती कपाटाच्या दाराला आतून लटकते.

पिन ओळखायची असेल तर नख फिरवा. धातूच्या रेषा नखाला लागल्या आणि रंग खोलगट वाटला तर ते सॉफ्ट इनॅमल (इनॅमल म्हणजे धातूच्या खाचांत भरलेला रंगाचा थर). सगळं सपाट, गुळगुळीत लागलं तर हार्ड. आजच्या बहुतेक पिनांमध्ये रंग राळेचा असतो. जुन्या, भारी बिल्ल्यांमध्ये मात्र काचेची पूड भरून सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत वितळवलेली असते, आपल्या मीनाकामासारखीच. असा बिल्ला हातात आला की तो चिंच-मीठ लावून चकचकीत करायचा मोह आवरा. मी एका बिल्ल्याचा सोनेरी मुलामा असाच घालवून बसलोय. मऊ सुती कापडाने कोरडं पुसायचं, कडेने धरायचं, बस्स.

आता कुठे मिळतात ते. शुक्रवारी पहाटे चोरबाजारात जा, उन्हं वर यायच्या आत. बटणं, नाणी, मोडकी घड्याळं अशा ढिगांत बिल्ले सापडतात. अमुकच पाहिजे म्हणून गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. ऑनलाइन मिळतात त्या पिना सुंदर असतात, मीही घेतो.

पण माझं मन विचाराल तर तुमच्या गल्लीतल्या मंडळापासून सुरुवात करा. गणेशोत्सवात कार्यकर्त्यांच्या छातीवर मंडळाचं नाव आणि वर्ष छापलेला बिल्ला असतो ना, तो. ना कुठे विकत मिळतो, ना कोणी त्याची यादी ठेवतं. विसर्जन झालं की खणात जातो आणि घर बदलताना कचऱ्यात. या शहरात इतकी वर्षं माणसांनी रात्री जागून जे उत्सव उभे केले, त्यांची खूण म्हणून एवढा पत्रा उरतो. मला त्याच्याइतकी मोलाची पिन दुसरी वाटत नाही. पत्र्यावर छापील कागद, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, मागे पिन, एवढीच त्याची घडण. म्हणून त्याला पाणी अजिबात लावू नका. कडेने आत शिरलं की कागदावर डाग पडतो.

प्रत्येक बिल्ल्यामागे पेन्सिलीने चिठ्ठी लिहा: कोणी दिला, कुठल्या वर्षी, तेव्हा मूर्ती कशी होती. शाई दमटपणात पसरते, म्हणून पेन्सिलच. विसर्जनानंतर आठवडाभराने, सगळ्यांची झोप पूर्ण झाली की, मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्याकडे जाऊन विचारा, "काका, मागच्या वर्षांचे बिल्ले शिल्लक आहेत का?" मला अशाच एका काकांनी खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यातून अकरा काढून दिले, आणि प्रत्येकाबद्दल सांगता सांगता दुपारचे तीन वाजले.